दोघांच्या वजनावर

“तुमी काही सांगू नका अप्पा. तिला बोलू द्या,” गाडीखालून पंचाक्षरीचा आवाज आला.

विरूपाक्षअप्पा गप्प झाले. पंचाक्षरीने दोन्ही हातांनी मागचा स्प्रिंगचा पाटा धरला आणि हलवला. गाडी ‘खट्’ असं बोलली. त्याने परत हलवला. परत तेच. मग तो पाठीवर सरपटत बाहेर आला, कपाळावरचं भस्म घामाने ओघळून भुवईत उतरलेलं, आणि तळहात पुढे केला. हातावर काळा भुगा होता, वाळक्या भाकरीचा असावा तसा.

“ह्ये तुमचे पाट्याचे बुश,” तो म्हणाला. “रबर होतं, आता हाय का? लोखंडावर लोखंड आदळून राहिलं. माणसाचं मणकं ढिलं होईल ह्या गाडीत.”

“माझं होऊ दे,” अप्पा म्हणाले. “नागम्माचं सांग.”

गाडी लाल होती, बुटकी होती आणि तिच्यात दोनच माणसं बसत. अप्पांनी ती तीस वर्षांपूर्वी हैदराबादेत एका जहागीरदाराकडून घेतली, कशासाठी ते विचारायची त्यांच्या वडिलांचीही हिंमत झाली नाही. आडतीच्या धंद्यात पोत्यांना जागा नसलेली गाडी म्हणजे शुद्ध वेडेपणाच. त्याच गाडीतून नागम्मा नवी नवरी म्हणून लातुरात आल्या. टप उघडा होता, त्यामुळे निम्म्या गावाने नवरीचं तोंड रस्त्यावरच पाहून घेतलं.

आता नागम्मांच्या हाडांना रोग लागला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि घरी नेताना एकच बजावलं होतं: धक्का लागता कामा नये. त्यांना एकदाच चाकूरच्या पलीकडे माहेरी जायचं होतं. तिथे शेतात आईची समाधी होती, तिच्याजवळ थोडा वेळ बसायचं होतं. अप्पांनी जीप सांगून पाहिली, बैलगाडीत गाद्या घालू म्हणाले. नागम्मा हसल्या. “आले त्याच गाडीत जाईन. न्हाईतर इथंच बरी हाय.”

म्हणून अप्पा पंचाक्षरीकडे आले. दुसरीकडे जायची सोयच नव्हती. गेल्या वर्षी लातूरचा जिल्हा झाला, साहेब लोक आले, त्यांच्या जीपा आल्या आणि त्यांच्या मागोमाग नांदेड रोडला नवी गॅरेजं निघाली. पण ती सगळी घाईची. पंचाक्षरीकडे घाई नव्हती. त्याचा ‘उद्या’ गावात प्रसिद्ध होता. कुणाचं लग्न लांबलं तरी लोक म्हणत, पंचाक्षरीनं घेतलंय वाटतं कामाला. त्याची बायको शरणम्मा तर तोंडावर म्हणायची, “तुमच्या हातात गाडी देण्यापरीस देवाला नवस केलेला बरा. तो तरी कवातरी पावतो.”

तो हसायचा. हैदराबादेत ज्या उस्तादाकडे तो शिकला, त्याने एक गोष्ट कान पिळून शिकवली होती. पाट्याचा बोल्ट कधी गाडी जॅकवर असताना आवळायचा नाही. चाकं लोंबकळत असताना आवळलास तर रबर तशाच ढबीत धरलं जातं. गाडी खाली टेकली की पिळवटतं आणि चार महिन्यांत फाटतं. “पैले बोझा, बाद में पाना,” उस्ताद म्हणायचा. गाडीवर जेवढं वजन रोज बसणार, तेवढं बसव, मग कस. बाकीचे मिस्त्री या गोष्टीला हसत. कोण गिऱ्हाइकाला बसवून ठेवतो?

या गाडीचे बुश मुंबईतही मिळेनात. पंचाक्षरीने पहिले ट्रकच्या टायरमधून कापले, लेथवर घासले, बसवले आणि स्वतः औशापर्यंत जाऊन आला. आल्यावर त्याने ते काढून फेकून दिले. आवाज गेला होता, पण धक्का तसाच होता. त्यात पंधरा दिवस गेले. अप्पा रोज येत, बाकावर बसत, काही बोलत नसत. त्यांचं न बोलणंच पंचाक्षरीला जास्त लागायचं.

रबर सापडलं ते दुष्काळामुळे. रेणापूरचा दगडोबा फाटकी सायकल ट्यूब घेऊन आला आणि बोलता बोलता म्हणाला, विहीर आटली, इंजिन आन् पंप नुसते ऊन खात बसलेत. पंचाक्षरी ताडकन उठला. इंजिन आणि पंप जोडतात तिथे, कपलिंगमध्ये, गुबगुबीत रबराचे बुश असतात. दिवसभर हादरे खायचे आणि पंपाला कळू द्यायचे नाहीत, एवढंच त्यांचं काम. तो दगडोबाच्या सायकलवर डबलसीट रेणापूरला गेला. विहिरीत डोकावून पाहिलं तर तळाशी एक कासव वाळक्या चिखलात मान आत ओढून बसलेलं. दगडोबा म्हणाला, “रबर न्या की. पानी आल्यावर परत द्या.” ते दोघंही थोडा वेळ आभाळाकडे बघत राहिले.

ते बुश त्याने पातीने तासले, सहाणेवर घासले, एरंडेल लावून एकेक करून पाट्याच्या टोकाच्या गोल डोळ्यात दाबून बसवले. साधं तेल लावलं तर रबर कुजतं, एरंडेलाने नाही. बोल्ट हातानेच फिरवून ढिले ठेवले आणि गाडी अप्पांच्या दारात नेली.

तिथे नव्या नळाची चारी खणून ठेवलेली होती. पाइप यायचे होते, पाणी त्याच्याही नंतर यायचं होतं. पंचाक्षरीने गाडी चारीच्या दोन्ही बाजूंना चाकं ठेवून उभी केली आणि स्वतः आत उतरला. छातीएवढी खोल चारी, डोक्यावर गाडीचं पोट. जिल्ह्याच्या नळयोजनेचा पहिला उपयोग हा असा झाला.

“अप्पा, तुमी बसा. आन् बाजूला आक्काच्या वजनाचं पोतं ठिवा. किती असंल वजन?”

अप्पांनी दाराकडे पाहिलं. “पोतं नको,” ते म्हणाले. “तीच बसंल.”

दोघी शेजारणींनी नागम्मांना उचलून आणलं. अंगावर इरकल लुगडं, त्यात माणूस कमी आणि कापडच जास्त. त्या बसल्या तेव्हा पंचाक्षरीने खालून पाट्याकडे पाहिलं. अप्पा बसले तेव्हा पाटा बोटभर दबला होता. आता तो हललाच नाही म्हटलं तरी चालेल. उगाच त्याला वाटलं की आपण एवढं नीट बघायला नको होतं.

“सुरू करू का?” त्याने विचारलं.

“कर,” अप्पा म्हणाले.

त्याने पाना लावला. दुपारची वेळ, वारा पडलेला, सगळीकडे पांढरं ऊन. वरून नागम्मांचा आवाज आला, अगदी बारीक.

“निघालो का आपण?”

पंचाक्षरीचा हात थांबला. अप्पा आता खरं सांगतील असं त्याला वाटलं.

“हाव,” अप्पा म्हणाले. “निघालो की.”

“हळू चालवा. गाव सरू द्या आधी.”

“सरलं गाव.”

मग स्टिअरिंग किंचित फिरल्याचा आवाज झाला. अप्पा खरोखरच गाडी चालवत होते.

“आष्टामोड आलं?”

“आलं. डाव्या हाताला बघ.”

“दिसून राहिलं. इथं खड्डा हाय, ध्यान ठिवा. तवा बी आदळली व्हती.” त्यांनी श्वास घेतला. “किती करडई फुललीया! सगळं पिवळं.”

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्या वर्षी कुसळसुद्धा नव्हतं. पण चारीत उभ्या पंचाक्षरीच्या डोळ्यांपुढे पिवळं रान उभं राहिलं, आणि त्याच्या गालाला गार वारा लागला. आयुष्यभर तो गाड्यांच्या खाली राहिला होता. लोक गाड्यांत बसून कुठे कुठे जात, माहूरला, तुळजापूरला, मुंबईला, आणि तो परत आलेल्या गाडीचा चिखल खरवडत असे. आज पहिल्यांदाच तो कुणाबरोबर तरी निघाला होता. त्याने पाना पाव आटा फिरवला आणि थांबला. एवढ्यात काम संपवायचं नव्हतं.

“पंचाक्षरी कुठं हाय?” नागम्मांनी विचारलं.

“खाली हाय,” अप्पा म्हणाले.

“मागं राहील की त्यो. त्याला बी घ्या.”

“मी हाय आक्का,” पंचाक्षरी खालून म्हणाला. “संगंच हाय मी. तुमी बघा फुलं.”

चार बोल्ट आवळायला त्याने पाऊण तास लावला. तोवर चाकूरचा बाजार लागला, तिथे नागम्मांनी बांगड्यांच्या दुकानापाशी गाडी उभी करायला लावली, आणि पुढच्या उतारावर त्यांना झोप लागली.

त्यांना आत नेल्यावर अप्पा बाहेर आले. शुक्रवार होता.

“उद्या निघू का रे?”

इथे पंचाक्षरी चुकला. गाडी तयार होती. त्याच दिवशीसुद्धा निघता आलं असतं. पण आक्का आईच्या समाधीला निघालेल्या, महादेवाचा वार सोडून कसं जायचं? तो श्रद्धाळू माणूस होता, आणि तसं सरळ सांगायचा त्याला संकोच वाटला. अप्पा म्हणतील, मिस्त्री आता वारसुद्धा ठरवायला लागला. म्हणून तो म्हणाला, “सोमवारी निघा. रबराला बसायला दोन दिस लागतात.”

रबराला काहीही लागत नाही. अप्पांनी मान डोलावली. त्याचा शब्द गाडीच्या बाबतीत ते प्रमाण मानत.

रविवारी सकाळी, दूधवाला यायच्या सुमाराला नागम्मा गेल्या.

पंचाक्षरी पोचला तेव्हा त्यांना भिंतीला टेकून बसवलं होतं. लिंगायतांमध्ये माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला भस्म लावतात, सजवलेल्या पालखीवजा विमानात बसवून खांद्यावरून नेतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. विमान बांधायला बांबू आले होते. अप्पा म्हणाले, “बांबू परत न्या. ती गाडीत जाईल. आईजवळ.”

मग गलका उडाला. सासरची माती सोडून माहेरच्या शेतात? भाऊबंद तावातावाने बोलले. एकाने तर म्हटलं, मोटारीत बसून काय लग्नाला चाललीय का. मठातले स्वामी सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाले, “बसून जाणार हायत ना? मग झालं.”

अप्पांनी स्वतः चालवली. जागाच दोन, त्यामुळे बाकीचे मागून जीपमधून गेले. पंचाक्षरीला जीपमध्ये या म्हणाले, पण तो गेला नाही. धुळीचा लोट नांदेड रोडला विरेपर्यंत तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मग गॅरेज उघडून नुसता बसून राहिला. आपण दोन दिवस खाल्ले, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. शरणम्मा जेवायला बोलवायला आली. त्याने तिला खरं काय ते सांगितलं. ती नेहमीसारखी टोचून बोलली नाही, आणि त्यामुळे त्याला जास्तच रडू आलं.

ऊन उतरल्यावर लाल गाडी दारात येऊन थांबली. अप्पा एकटेच होते. ते उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच.

“अप्पा,” पंचाक्षरी जवळ जाऊन म्हणाला, “रबराचं म्या खोटं बोललो. शुक्रवारीच जाता आलं असतं. मला सोमवार पायजे व्हता.”

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. धुळीने त्यांच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या.

“घरणी गावाच्या पुढं रस्ताच न्हाई,” ते म्हणाले. “नुसते दगड. मी म्हनलं, आता हिचं कसं व्हतंय. तिच्या मांडीवर बेलाची पानं ठिवली व्हती सैल. पोचल्यावर मोजली मी. एक बी खाली पडलं नव्हतं, पंचाक्षरी.”

बघायचं काही राहिलं नव्हतं, तरी पंचाक्षरी खाली बसला आणि पाठीवर सरपटत गाडीखाली गेला. पाटे अजून रस्त्याच्या धगीने तापलेले होते. बराच वेळ तो बाहेर आला नाही. अप्पा वर बसून राहिले, आणि त्यांनी त्याला हाक मारली नाही.