यंत्रावरचं प्लास्टिक

आपल्याकडे नवा सोफा आला की त्यावरचं प्लास्टिक वर्षभर निघत नाही. रिमोट तर पिशवीतच म्हातारा होतो. घरात हे हसण्यावारी नेता येतं. पण नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात याच खुळापायी एका मुलीचं शिक्षण बंद करायला निघाले होते, आणि ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

कॉलेजला यंत्रं दिली होती कारखानदार खंडेराव थेटे यांनी. दहावीनंतर सातपूरच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलेला हा माणूस. आपलं शिकायचं राहिलं ही सल कारखाना मोठा झाला तरी गेली नाही, म्हणून कमाईतला मोठा वाटा ते उच्च शिक्षणाला देत आले. त्यांच्या नावाची प्रयोगशाळा झाली, फोटो निघाले, आणि उद्घाटन आटोपताच प्राचार्य गांगुर्डे यांनी तिला कुलूप ठोकलं. ते उघडायचं फक्त पाहुण्यांसाठी. मुलं यंत्र शिकत होती फळ्यावरच्या चित्रावरून!

पिंपळगावच्या टेम्पोवाल्याची हर्षाली शेवटच्या वर्षाला होती. एकदा पाहुणे गेल्यावर दार उघडंच राहिलं. ती आत शिरली, प्लास्टिक फाडलं, यंत्र सुरू केलं. धातू कापायचा कटर मोडला. प्राचार्यांनी तिला कॉलेजातून काढायचं ठरवलं आणि देणगीदार म्हणून खंडेरावांना बोलावून घेतलं. सोबत त्यांच्या पत्नी कलाबाईही आल्या.

असं का केलंस, असं खंडेरावांनी हर्षालीला विचारलं.

"नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, मशीन चालवलंय का," ती म्हणाली. "मला नाही म्हणावं लागलं, सर. इंजिनिअर होत आले तरी नाही म्हणावं लागलं."

खंडेराव प्राचार्यांवर उसळले. "मशिनं काय देवघरात मांडायला दिली व्हती का? लय लाज वाटती मला."

गांगुर्डे शांतपणे म्हणाले, "साहेब, उद्घाटनाच्या दिवशी यंत्रावर ओरखडा दिसला, तेव्हा तुम्हीच सगळ्यांदेखत आम्हाला झापलंत. माझ्या नावाची वस्तू जपा, म्हणालात. आम्ही जपली."

खंडेराव कलाबाईंकडे वळले. तेव्हा कलाबाई म्हणाल्या, "सातपूरला किती कटर मोडलेत तुम्ही? दर वेळी तोंड पाडून घरी यायचात. तुमच्या मालकानं मशीन नाय जपलं, तुम्हाला जपलं. तुम्ही मात्र नाव जपत बसलात."

हे त्यांना फार लागलं. ते उठले, प्रयोगशाळेत गेले आणि एकेका यंत्रावरचं प्लास्टिक स्वतःच्या हातांनी ओरबाडून काढलं. नवा कटर मागवला आणि हर्षालीला पुढे बोलावलं.

"चालव पोरी. मोडला तर दुसरा लावू."

गांगुर्डे ओशाळले. त्यांनी कारवाई मागे घेतली आणि प्रयोगशाळेची किल्ली हर्षालीच्या हातात दिली.

मित्रहो, विद्येसाठी दिलेली वस्तू वापरूनच झिजली पाहिजे. ती कोरी राहिली तर मुलं कोरी राहतात, आणि तो देणाऱ्याचाही गुन्हा आहे. तुमच्या गावच्या शाळेत, कॉलेजात अशी एखादी बंद खोली असेलच. उद्या तिथे जा आणि किल्ली कोणाकडे आहे ते विचारा.