रंगमावशींचे वरचे आठ दात

रंगाच्या दुकानात कुणी भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणला, की मालक स्वतः सांगायचे, "थांबा जरा, मावशींना येऊ द्या." रंग मिसळायचं मशीन येऊन सात वर्षं झाली होती. मशीनला आकडा दिला की ते रंग देतं, हे खरं. पण पंधरा वर्षं उन्हात विटलेल्या आणि फोडणीच्या धुराने पिवळ्या पडलेल्या भिंतीचा आकडा कुणाकडे असतो? तो रंगमावशींच्या डोळ्यांत होता. मावशी पोपडा घेऊन दुकानाच्या दारात जायच्या, कारण ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतात असं त्यांचं ठाम मत होतं. मग पांढऱ्या डब्यात या बाटलीतले दोन थेंब, त्या बाटलीतला अर्धा. पुठ्ठ्याच्या पट्टीवर एक फटकारा, केस वाळवायच्या मशीनने तो सुकवायचा आणि पुन्हा दारात. शेवटी नवा रंग जुन्याशेजारी ठेवला की कुठला कुठला ते गिऱ्हाइकालाही सांगता यायचं नाही. गिऱ्हाईक तोंडभर कौतुक करायचं, मावशी हसायच्या आणि हसताना त्यांचा उजवा हात आपसूक तोंडावर जायचा.

त्या हाताला कारण होतं. मावशी लहानपणी ज्या विहिरीचं पाणी प्यायल्या, त्या पाण्यातच काहीतरी होतं. दुसरे दात आले ते पिवळट, तपकिरी ढगांसकट आले. घासून घासून ब्रश झिजले, ढग तसेच राहिले. तेव्हापासून चाळीसेक वर्षं हात कामावर होता आणि त्याने एकदाही सुट्टी घेतली नाही. लग्नाच्या अल्बममध्ये मावशींचे ओठ असे घट्ट मिटलेले आहेत, की बघणाऱ्याला वाटावं मुलीच्या मनाविरुद्धच चाललंय सगळं. नवऱ्याने सुरुवातीला दोनतीनदा "अगं, हात काढ की," म्हणून पाहिलं आणि मग नाद सोडला.

हे असंच सुखाने चाललं असतं, पण नातीने घात केला. लेकाची मुलगी, साडेतीन वर्षांची, घरातलं नाव टिल्ली. टिल्लीचे दुधाचे दात एकूण एक जागेवर आणि बघत राहावे असे. पोरीला हसायला कारण लागत नसे. चमचा पडला तरी हसायची. आणि हसली की उजवा हात तोंडावर. घरच्यांना सुरुवातीला त्याचं कौतुकच वाटलं. मग शिशुवर्गाचा फोटो आला. वीस पोरं दात काढून खिदळतायत आणि मधोमध टिल्ली, डोळे आणि एक तळवा.

"आई, तुमचंच उचललंय तिने," सूनबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, ती हसतच म्हणाली होती. पण मावशींच्या काळजाला ते लागलं. त्या दिवशी दुकानात त्यांनी कुणाला तरी आकाशी म्हणून चक्क मोरपंखी करून दिला. स्वतःच्या दातांची लाज त्यांनी इतकी वर्षं निमूट सांभाळली होती, त्याबद्दल त्यांची कुणाकडे तक्रार नव्हती. पण ती या पोरीच्या पदरात पडावी हे त्यांना सोसवेना. काहीही करून टिल्लीचा हात खाली आला पाहिजे, आणि त्यासाठी आधी आपला यायला हवा, इतकं त्यांना कळलं.

उपाय घरातच होता, म्हणजे धाकट्या बहिणीच्या तोंडात. धाकटी त्याच विहिरीवर वाढलेली. ती गेल्या वर्षी परदेशात जाऊन दातांवर पोर्सिलेनची पातळ आवरणं बसवून आली होती. इथे एका दाताला जेवढं पडतं तेवढ्यात तिथे तीन होतात, विमानाचं तिकीट धरून, हे तिने भेटेल त्याला सांगून झालं होतं. मात्र निवडताना तिने सगळ्यांत पांढरा रंग निवडला होता. ती हसली की समोरचा डोळे बारीक करायचा.

"हा छताचा पांढरा आहे," मावशींनी तेव्हाच निकाल दिला होता. "दातांना कुणी छताचा पांढरा देतं का गं?"

"निदान मी हसते तरी," धाकटी म्हणाली होती.

आता मावशींनी ते वाक्य आठवून गिळलं आणि तिलाच फोन केला. "तुझ्या त्या डॉक्टरकडे घेऊन चल. वरचे आठ दात करायचे. पण रंग मी ठरवणार."

पासपोर्टच्या फोटोला दात दाखवू नका, असा नियम निघाला. आयुष्यात पहिल्यांदा मिटलेले ओठ बरोबर ठरले म्हणून मावशींना तो नियम फार आवडला. सामानाच्या बॅगेत त्यांनी चार लुगडी कमी घेतली असती, पण रंगाच्या सहा लहान बाटल्या, पांढऱ्याची डबी आणि कोऱ्या पट्ट्या घेतल्याच. धाकटीने कपाळाला हात लावला.

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर होता. खाली बॅगांचं दुकान, वर काचेचं दार, आणि आत दहाबारा देशांची माणसं तोंड मिटून बसलेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हलक्या हाताच्या. त्यांना तोडकंमोडकं इंग्रजी येत होतं, धाकटीलाही तेवढंच, त्यामुळे दोघींचं छान जमलं. बाईंनी दातांचं शेडकार्ड पुढे केलं: काड्यांवर लावलेले पंधरासोळा नकली दात, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत ओळीने. मावशींनी ते घेतलं आणि गळ्यातल्या कागदी लाळेऱ्यासकट खुर्चीतून उठून खिडकीशी गेल्या.

"हा कोरडा. हा भुरकट. हा तर तुझाच," त्यांनी शेवटची काडी धाकटीकडे रोखली. "यातला एकही तोंडात शोभायचा नाही. वेगळा दिसेल."

मग पर्समधून बाटल्या निघाल्या. खिडकीच्या कठड्यावर कागद पसरून मावशींनी रंग कालवायला घेतला. एका हातात आरसा, दुसऱ्या हातात पट्टी. शेजारी राहणाऱ्या खालच्या दातांना पट्टी लावून बघायची, अर्धा थेंब वाढवायचा, पुन्हा बघायचं. अठ्ठावीस वर्षांचा हात होता तो, त्याला विचार करावा लागत नव्हता. वीस मिनिटांनी त्यांनी पट्टी, दाताला एक असे आठ फटकारे, कडांच्या छटांसकट, बाईंच्या हातात ठेवली आणि समाधानाने श्वास सोडला.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी पाहिली, मावशींना पाहिलं आणि धाकटीला विचारलं, "नक्की?"

"माझी बहीण आहे," धाकटी म्हणाली. छताच्या पांढऱ्याचा राग तिच्या मनात अजून थोडा होता, पण बहिणीचा अभिमान त्याहून मोठा. "रंगात तिचा हात धरणारा अजून जन्मला नाही. ती म्हणते तसंच करा."

बाईंनी पुन्हा एकदा विचारलं, कागदावर सही घेतली आणि वरच्या मजल्यावरून कारागिराला बोलावलं. आवरणं तोच घडवायचा. गोल पोटाचा गडी, अंगातल्या एप्रनवर पांढरी भुकटी. त्याने पट्टी खिडकीशी नेली, उन्हात धरली, तिरकी करून पाहिली. मावशींनी धाकटीच्या कानात म्हटलं, "हा उजेडात बघतो. माणूस कामाचा आहे." कारागिराने मान लववली आणि पट्टी खिशात जपून ठेवली.

त्याच दुपारी दात वरून किंचित तासले आणि त्यांवर तात्पुरती टोपणं बसली. पुढचे चार दिवस दोघी बहिणी मऊ भात आणि सूप खात गावभर हिंडल्या. बघण्यासारखं बरंच होतं म्हणे. मावशींनी भिंती पाहिल्या. अमक्या इमारतीचा दुसरा हात पावसाआधी दिलाय, तमक्या पुलाला स्वस्तातला तेलरंग मारलाय, असं त्या सांगत राहिल्या आणि धाकटी टोपी ओढून घेऊन चालत राहिली.

पाचव्या दिवशी सकाळी चाचणी होती. बाईंनी आठही आवरणं एकेक करून जागेवर बसवली आणि बोट उगारून सांगितलं, "हे अजून पक्के नाहीत. नुसते लेपावर आहेत. तोंडाला हात अजिबात लावायचा नाही. लावला तर पडतील." धाकटीने ते मराठीत सांगितलं, वर आपल्या पदरचं "डॉक्टर फार रागीट आहेत" हेही जोडलं. मावशींनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले आणि दांड्या घट्ट धरल्या. धाकटीने घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सूनबाई कोचावर टिल्लीला मांडीवर घेऊन वाटच बघत होती. डॉक्टरांनी काय सांगितलं ते धाकटीने टिल्लीलाही सांगितलं: आजीने तोंडाला हात लावायचा नाही, दात पडेल, डॉक्टर रागावतील.

मग बाईंनी आरसा समोर धरला.

दात सुरेख झाले होते. सरळ, एकसारखे, कडा नीट वळवलेल्या. पण रंग. तो रंग मावशी ओळखत होत्या, चाळीस वर्षं रोज सकाळी ब्रश करताना ओळखत होत्या. तोच पिवळट, तोच कडेचा तपकिरी ढग, इतकंच काय, डावीकडचा जरा गडद आहे तोसुद्धा. दारात कारागीर हात बांधून उभा होता, आणि एवढं चोख काम आजवर हातून झालं नाही हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

धाकटी वाकली, बघितलं आणि हळूच म्हणाली, "ताई, हे तर तुझेच दात आहेत."

मावशी आरशाकडे वाकल्या. मग म्हणाल्या, "पोपडा दिसला की जुळवायचा, एवढंच येतं गं मला. शेजारी खालचे दात दिसले, जुळवले." त्या पुन्हा आरशात बघू लागल्या. "विमानात बसून आले, चार दिवस सूप प्यायले आणि स्वतःचेच दात मागवले."

आणि त्यांना हसू फुटलं. आधी पोट हललं, मग खांदे, मग आवाज बाहेर आला आणि तो थांबेना. उजवा हात दांडीवरून दोन बोटं उचलला गेला. डॉक्टरीणबाईंनी नुसतं पाहिलं. हात परत खाली. मावशी तोंड उघडं टाकून, मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. धाकटी हसली, कारागीर काही न कळताच हसला. तेवढ्यात एक आवरण सुटलं आणि टप्पकन लाळेऱ्यावर पडलं.

"आजीचा दात पडला," फोनमधून टिल्लीचा आवाज आला, आणि पाठोपाठ तिचं खिदळणं.

धाकटीने फोन मावशींच्या समोर धरला. पडद्यावर टिल्ली हसत होती. तिचे दोन्ही हात आईच्या गुडघ्यांवर होते, आजीने दांड्या धरल्या होत्या तसेच घट्ट धरलेले. सगळे दात दिसत होते. मावशी बघतच राहिल्या. त्यांना इतका आनंद झाला, की पडलेला दात त्या विसरूनच गेल्या.

काय घोटाळा झाला ते कारागिराला समजावताना धाकटीचं इंग्रजी संपलं आणि हातवारे सुरू झाले. कळल्यावर तो आधी हिरमुसला, मग पोट धरून हसला, मग त्याने मावशींना वरच्या मजल्यावर येण्याची खूण केली. तिथे खिडकीशी लांब टेबल होतं, त्यावर भुकटीच्या डब्या, बारीक ब्रश आणि हातभर उंचीची भट्टी. एकमेकांचा एक शब्द न कळता दोघांनी दुपारभर काम केलं. तो ब्रशने थर द्यायचा, मावशी बोटाने दाखवायच्या, इथे जरा उजळ, इथे नको. आता जुळवायचं नव्हतं, नवीन करायचं होतं, आणि हे आपण कधी केलंच नाही हे मावशींना त्या टेबलाशी बसल्यावर कळलं. शेवटी ठरला तो रंग जुन्यापेक्षा पाच पायऱ्या उजळ आणि छताच्या बराच अलीकडचा होता. खालच्या दातांना बाईंनी उजळायचं औषध दिलं. तिकिटं तीन दिवस पुढे ढकलली. आधीची आठ आवरणं कारागिराने मागून घेतली आणि कापसावर मांडून आपल्या काचेच्या कपाटात ठेवली. असा रंग पुन्हा जमेल याची त्याला खात्री नव्हती.

घरी पोचल्यावर सगळे दारातच जमले. नवरा चष्मा पुसून जवळ आला, त्याने पुष्कळ वेळ निरखून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "भिंतींना पण हाच घ्यायचा का?"

मावशी हसल्या. नवे दात क्षणभर दिसले आणि लगेच नाहीसे झाले, कारण उजवा हात तोंडावर गेला होता. चाळीस वर्षांचा नोकर तो. परदेशात काय ठरलं ते त्याला कुणी कळवलं नव्हतं. मावशींच्या ते लक्षात आलं आणि त्यांचा जीव चरकला, कारण समोर टिल्ली उभी होती आणि तिचाही हात वर निघाला होता.

टिल्लीचा हात छातीपाशी थांबला. तिने आजीकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं, धावत आली, टाचा उंचावल्या आणि आजीचं मनगट दोन्ही हातांनी धरून खाली ओढलं.

"हात नाही लावायचा," तिने दरडावलं. "पडेल. डॉक्टर रागावतील."

ते आता पक्के बसवलेत, पडायचे नाहीत, असं सूनबाई सांगायला लागली. मावशींनी डोळ्यांनीच तिला गप्प केलं. टिल्ली मनगटाला लोंबकळत होती, मान वर करून आजीचे दात बघत होती आणि खिदळत होती. दोन्ही हात कामात असल्यामुळे तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. मावशीही हसत होत्या. हात सोडवून घ्यायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.