शेंदराखालची बंदूक

तात्याबाचं त्या दिवशी बूड कुठं टेकत नव्हतं. उजाडल्यापासून तो तीनदा गोठ्यात जाऊन आला, दोनदा विहिरीवर, आणि दरवेळी परत येऊन देव्हाऱ्यासमोर उभा राहिला. देव्हाऱ्याशेजारी भिंतीला टेकून थोरला उभा होता.

थोरला म्हणजे बंदूक. पण त्या घरात बंदूक हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. तात्याबाचा पणजा बिरदेव मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचा. मेंढरं तुडवत आलेल्या एका गोऱ्या स्वाराच्या खोगिरावरून त्यानं ती हिसकावली, शेवटची गोळी सुटेपर्यंत झुंजला आणि मेला, अशी ओवी होती. मेंढक्यांनी रात्रीतून त्याचं प्रेत आणलं आणि बंदूकही. तेव्हापासून दर दसऱ्याला ती ओवी व्हायची आणि थोरल्याला तेल-शेंदराचा एक हात बसायचा. शंभरावर दसरे झाले. आता त्यात लोखंड किती आणि लाकूड किती हे दिसत नव्हतं. नवख्या माणसाला तो म्हसोबाच वाटावा. ओवी म्हणायचा मान तात्याबाचा.

असा हा देव दोन हजार चार साली अचानक अडचणीत आला. तात्याबाची पोरगी प्रगती पोलीस भरतीत निवडली गेली. तीन वर्षं कालव्याच्या रस्त्यानं पळून पळून पोरीनं पायांची लाकडं केली होती. वडगाव रासाईतली पहिली पोलीस पोरगी म्हणून सरपंचानं नारळही दिला. आता फक्त चौकशी राहिली होती. परवा ठाण्यातून माणूस येणार, घरदार बघणार, शेजारीपाजारी विचारणार.

शेजारी म्हणजे कोण, तर भावकीतला हौसराव. त्याचा पोरगा त्याच भरतीत पळताना धापा टाकत बसला होता. दुसऱ्याच्या ताटातलं तूप भावकीला कधी पचलंय? पारावर चार माणसांत हौसराव गोड आवाजात म्हणाला, "पोलिसाच्या घरात बिगरपरवान्याची बंदूक! बरं दिसंल का, तात्या?"

त्या वाक्यानं तात्याबाची झोप उडवली. प्रगतीनं तर सरळच सांगितलं, "आप्पा, भीमेत सोडा त्याला. देवाला नदीत सोडतातच की."

"आगं, वाळूच्या बोटी नदीचा तळ उपसत्यात," तात्याबा म्हणाला. "आठ दिसांत थोरला पुन्हा वर यील."

हे खरं होतं. पण त्याहून खरं म्हणजे त्याच्यानं ते होणार नव्हतं. बापानं, आज्यानं ज्याच्यापुढं डोकं टेकलं तो देव गाळात कसा फेकायचा? प्रगतीचा उतरलेला चेहराही त्याला बघवत नव्हता. मग त्याला सावळाराम आठवला.

सावळाराम याच गावचा. तात्याबाच्या बरोबरीचा. राखीव पोलीस दलात तीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या आणि निवृत्त होऊन दौंडलाच राहिला. मागं एकदा जत्रेला आला तेव्हा म्हणाला होता, लई जुनी आन् बंद पडलेली आसंल, तर ती नुसती शोभेची वस्तू. तिला कोण इचारतंय? जुनी तर थोरला होताच. आणि शंभर वर्षं शेंदरात चिणलेली वस्तू चालू कशी असेल? फक्त जाणत्या माणसानं तसं कागदावर लिहून द्यायला हवं होतं.

तात्याबानं थोरल्याला घोंगडीत गुंडाळलं, सुतळीनं आवळलं आणि कुणाला न सांगता एसटी धरली. गाडी गच्च. घोंगडी मांडीवर आडवी धरून तो अंग चोरून बसला. खाकी कपडा दिसला की त्याच्या अंगाला घाम फुटायचा, मग तो कंडक्टरचा का असेना. चौफुल्याला गाडी बदलताना एका बाईनं तिचं लेकरू घोंगडीला टेकवून उभं केलं. "जरा धरा हो मामा," म्हणाली. लेकरू घोंगडीचं टोक चोखत उभं राहिलं. तात्याबानं घोंगडी धरली, लेकरू धरलं; थारा नव्हता तो फक्त त्याच्या मनाला.

दौंडला सावळारामनं ओसरीवर घोंगडी सोडली. आधी पायातली चप्पल काढून हात जोडले, मग मापाचा टेप लावला.

"तीन फुटावर दोनेक इंच. पायदळाची न्हवं ही. आखूड हाय, कार्बाइन. घोडेस्वाराची."

"स्वाराचीच!" तात्याबा ओरडलाच. "ओवीत तेच हाय!"

पण पुढं जायचं तर शेंदूर काढायला हवा होता. सावळारामनं रॉकेलचा डबा आणि बोथट सुरी आणली. तात्याबानं तोंड फिरवलं. मागं खरवडण्याचा आवाज येत राहिला आणि त्याला कुणीतरी आपल्याच पाठीची साल काढतंय असं वाटू लागलं. तो उठला, अंगणात गेला, परत आला, पुन्हा गेला. शेंदराच्या खपल्या सावळाराम फेकत नव्हता, वर्तमानपत्रावर नीट गोळा करत होता. तेवढ्यानंच त्याचा जीव थोडा निवाला.

उन्हं कलली तेव्हा हाक आली. "ये, वाच."

उजव्या अंगाला लोखंडावर एक मुकुट उमटला होता. त्याखाली इंग्रजी अक्षरं.

"व्ही आन् आर. म्हंजी इक्टोरिया राणी. तिच्या माघारी राजा आला, मग अक्षरं बदलली. म्हंजी एकोणीसशे एकच्या आधीची तर झालीच. हे कारखान्याचं नाव, एन्फिल्ड. आन् हे साल. अठराशे एकोणऐंशी. एका येळंला एकच गोळी भरायची, ह्या खालच्या दांड्यानं. मार्टिनी म्हणत्यात हिला. तात्या, सव्वाशे वर्साची वस्तू हाय तुझी!"

तात्याबाला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. "मग लिही की! जुनी हाय, बंद हाय."

सावळाराम लिहीत नव्हता. त्याचा अंगठा मुकुटाजवळच्या एका थेंबाच्या आकाराच्या बारक्या काट्यावर थांबला होता. त्याचा चेहरा बदलला. त्यानं बंदुकीचं तोंड हळूच भिंतीकडच्या ज्वारीच्या पोत्यांकडं केलं.

"तात्या, मागं सर. लांब."

"का रं?"

"ह्यो काटा खुणंचा हाय. घोडा चढवलेला आसंल तरच आसा उभा ऱ्हातो. हिचा घोडा चढलेला हाय."

त्यानं दांडा जोर लावून खाली ओढला. आत काहीतरी कुरकुरलं आणि एक काडतूस घरंगळत त्याच्या तळहातावर आलं. पितळ हिरवं पडलेलं, पुढं अंगठ्याएवढं शिसं. भरलेलं. मग सावळारामनं मोकळ्या बंदुकीचा चाप ओढला. खटकन आवाज झाला, कालच तेल दिल्यासारखा.

तात्याबा ओसरीच्या कडेला मटकन बसला. घरात मूल झालं की बाराव्या दिवशी त्याचं कपाळ थोरल्याच्या तोंडाला टेकवत असत. तात्याबाचं टेकवलं होतं, प्रगतीचं त्यानं स्वतःच्या हातानं टेकवलं होतं. आणि आज एसटीत ते लेकरू! काळ आला होता पण वेळ आली नव्हती, ती शंभरावर वर्षं. आणि बिरदेवानं शेवटची गोळी झाडलीच नव्हती. घोडा चढवून तो थांबला होता. का थांबला, ते आता कोण सांगणार? तात्याबाला ओवीचं वाईट वाटलं, पणज्याचं वाईट वाटलं, आणि स्वतःची भयंकर चीड आली.

"बंद हाय आसं मी लिहिणार न्हाई," सावळाराम म्हणाला. "ही जित्ती हाय. म्हणशील तर गोळीला ठोकणारी आतली टोची काढून नळीत वेल्डिंग मारून घेऊ."

"भंगलेला देव घरात ठिवत न्हाईत."

"मंग ठाण्यात जमा कर. आन् आयक, घरची म्हणू नगंस. घरची म्हणलास की केस तुझ्यावर, आन् पोरीची नोकरी गेली. वाळूत घावली म्हण. वाळूत रोज कायबाय घावतंय."

तात्याबानं स्वतः वाळू घेतली आणि कोपऱ्याकोपऱ्यातला उरलेला शेंदूर घासून काढला. प्रत्येक खाच साफ होईपर्यंत तो घासत राहिला. बोटांची सालं निघाली तरी थांबला नाही. सावळाराम दौंडच्या ठाण्याच्या फाटकापर्यंत आला. "मी आत येत न्हाई, मला खोटं बोलाया जमत न्हाई," म्हणाला आणि तिथंच उभा राहिला.

आत हवालदारानं कार्बाइन उलटसुलट करून पाहिली, काडतूस कागदात बांधलं. "काय हाय मामा ही?"

"बंदूक हाय, साहेब." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तो शब्द उच्चारला.

"कुठं घावली?"

"भीमेच्या वाळूत."

"कुणाची हाय, काय माहिती?"

"न्हाई."

"तुमच्या घरातली न्हाई ना? नंतर फिरवायचं न्हाई. सही घेतोय मी."

तात्याबाच्या डोळ्यांपुढं प्रगती उभी राहिली, कालव्याच्या रस्त्यानं पळणारी, घामानं निथळलेली. "न्हाई, साहेब," तो म्हणाला. "आमची कुणी न्हाई ती."

हवालदारानं ठळक अक्षरात 'बेवारस' लिहिलं. तात्याबा चौथी शिकलेला होता, त्याला ते उलट्या बाजूनंही वाचता आलं. त्यानं सही केली. एका शिपायानं बंदुकीला चिठ्ठी बांधली, तिला काखोटीला मारलं आणि मागच्या खोलीकडं निघाला. तो समोरून गेला तेव्हा तात्याबा खुर्चीतून कधी उठला आणि त्याचे हात कधी जोडले गेले, हे त्यालाही कळलं नाही.

हवालदारानं मान वर केली. "मामा, हात कुणाला जोडताय?"

तात्याबानं हात तसेच ठेवले आणि अंग तेवढं हवालदाराकडं वळवलं.

"तुमास्नीच, साहेब."