दोन इंच माया

मुलीला फोनवर सांगितलं, "बाबांनी आठ स्लीपर मागवलेत." ती म्हणाली, "चार जोड? आई, तू घराबाहेर पाय टाकत नाहीस, चार जोड घालून जाणार कुठे?"

तिला समजावता समजावता माझा पारा चढला. स्लीपर म्हणजे लाकडाच्या जाड फळ्या, बाई! आठ फूट लांब, आठ इंच रुंद, दोन इंच जाड. लाकूड असं जड की एक स्लीपर हलवायला दोन माणसं लागतात. ते कडेवर उभे ठेवून, एकावर एक तीन थर चढवून दोन फूट उंच वाफा करायचा, म्हणजे मला खुर्चीत बसून मातीत हात घालता येईल.

अकरा महिन्यांपूर्वी माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. उकिडवं बसायचं नाही, खाली वाकायचं नाही, चालायचं ते वॉकर घेऊन, असं डॉक्टरांनी बजावलं. घरामागची माझी बाग माझ्या डोळ्यांदेखत वाळली, मी खिडकीत बसून बघत राहिले. मग मुलीने तिच्या घराजवळ एक फ्लॅट शोधला. तिसरा मजला, लिफ्ट आहे, माती नाही. तिचं म्हणणं, बाग होत नाही तर एवढं घर सांभाळायचं कशाला. त्याच फोनवर मी रागाच्या भरात बोलून गेले, "येत्या रविवारी मी बागेत काम करताना दिसले नाही तर आण फ्लॅटचे कागद, सही करते."

"आणते," ती शांतपणे म्हणाली. मी फोन ठेवला आणि मास्तरांना सगळं सांगितलं.

आमचे हे शिंपी. चाळीस वर्षं दुकान चालवलं, आता बंद केलंय, पण जो तो अजून मास्तरच म्हणतो. मीसुद्धा रागावले की मास्तरच म्हणते, म्हणजे बहुतेक वेळा. माझा शब्द ऐकून मास्तर उठले. गळ्यात टेप अडकवली, मला खुर्चीत बसवलं आणि माप घ्यायला लागले. कोपरापासून जमिनीपर्यंत किती, खांद्यापासून बोटांपर्यंत किती. "हात पुढे कर. श्वास रोखू नकोस, ब्लाउज शिवत नाहीये."

हिशोब सरळ होता. वाफा कुंपणाच्या भिंतीला लागून, म्हणजे मला एकाच बाजूने हात घालता येणार. माझा हात पोचतो चोवीस इंच, म्हणून वाफा आतून चोवीस इंच रुंद. घराची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये चोपन्न इंच जागा. माझा वॉकर तेवीस इंच. सहा स्लीपर अख्खे लांबीला, उरलेल्या दोनांतून रुंदीसाठी सहा तुकडे. मास्तरांनी कागदावर मापं लिहून वखारीत दिली, तिथे लाकडावर खडूनेही लिहिली आणि तिथल्या माणसाने मशीनवर कापून शनिवारी सकाळी माल टाकला.

शेजारचे ड्रायव्हर मदतीला आले. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, निवृत्त झाल्यापासून कुणाच्या तरी कामात शिरायला टपलेलाच असतो. दोघांनी जमीन सपाट केली, पहिला थर मांडला. लाकूड इतकं कठीण की नुसता स्क्रू घातला तर स्क्रूच मोडतो. "आधी भोक, मग स्क्रू," मास्तर म्हणाले. "काजासारखं. घाईने कापलं की गेलं." कोपऱ्यात खुंट, खुंटाला स्क्रू, लांब फळ्यांच्या मध्ये आखूड तुकडे. दुपारी बारापर्यंत तिन्ही थर उभे राहिले. मला इतका आनंद झाला की मी मास्तरांना चक्क चांगलं झालंय म्हटलं.

मग मी वॉकर घेऊन निघाले. चार पावलं गेले आणि वॉकर अडकला. एकीकडे घराची भिंत, दुसरीकडे स्लीपर. ढकलला तर करकरला, पण सरकेना.

ड्रायव्हरांनी एक डोळा मिटून पाहिलं. "इंचभर कमी आहे, वहिनी. आमच्या बसलाही हाच त्रास असतो."

मास्तर टेप घेऊन धावले. वाट बावीस इंच. वाफा बाहेरून बत्तीस, आतून अठ्ठावीस. "वखारवाल्याने चुकीचं कापलं!" असं ओरडून त्यांनी मालाबरोबर परत आलेला कागद खिशातून काढला. कागदावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: चोवीस, अधिक माया दोन इंच, दोन्हीकडे. तुकडे कागदाबरहुकूम अठ्ठावीसच होते.

"तुम्ही लाकडाला माया सोडलीत?" मी म्हटलं.

माया म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं ठेवतात ते कापड. माणूस जाड झाला, मूल वाढलं, की उसवून सोडायला. चाळीस वर्षांत मास्तरांनी मायेशिवाय एक कापड कापलं नाही. हाताला सवयच. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. खाली बसत ते म्हणाले, "कापडाची माया आत दुमडता येते गं. लाकूड कसं दुमडू?"

त्यांनी करवत आणली. पाच मिनिटं घासली, लाकडावर केसाएवढी रेघ उमटली. वखार सोमवारशिवाय उघडणार नव्हती. मुलगी उद्या दहाला येणार. खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते. मला तिसरा मजला दिसायला लागला, लिफ्टचं बटण दिसायला लागलं, आणि फ्लॅटच्या खिडकीत बसलेली मी. मास्तरांवर ओरडायला तोंड उघडलं, पण ते त्या करवतीच्या रेघेवरून अंगठा फिरवत बसले होते. मला ओरडवेना.

मी वॉकरवर रेलून तुकड्यांकडे बघत राहिले. चाळीस वर्षं मीही दुकानात बसलेय. काजं माझी, हेम माझी, कडेला गोटाची पट्टी लावायचं कामही माझंच. बघता बघता माझ्या लक्षात आलं.

"अहो, दुमडायचं कशाला? हे तुकडे आत का बसवलेत? बाहेरून लावा. कापडाच्या कडेवर गोट चढवतो तसे, लांब फळ्यांच्या टोकांवर चढवा."

मास्तरांनी वर पाहिलं. मग बोटांवर मोजलं. लांब फळीची जाडी दोन इंच या बाजूला, दोन इंच त्या बाजूला. तुकडा अठ्ठावीस. आत राहिले किती? चोवीस!

"आणि बाहेरून अठ्ठावीस," ड्रायव्हर म्हणाले. "वाट सव्वीस! मास्तर, उठा!"

मास्तर असे उठले की गुडघेदुखी कुठे गेली कळेना. स्क्रू उसवले (त्यांचाच शब्द), पुन्हा भोकं, पुन्हा थर. तुकडे फळ्यांच्या टोकांवर असे चपखल बसले की मापाचे कापून आणल्यासारखे. आतून काळं जाड कापड लावलं. त्याला मास्तर अस्तर म्हणाले आणि ते मात्र त्यांनी एका फटक्यात बिनचूक कापलं. तळाला सुक्या फांद्या आणि पाला, वर माती, शेणखत. दिवस मावळायच्या आत वाफा काठोकाठ भरला.

"येऊ द्या," ड्रायव्हर वाटेच्या टोकाला उभे राहून हात हलवायला लागले. "येऊ द्या... येऊ द्या... दोन्हीकडे दीड इंच आहे, येऊ द्या..."

वॉकर सरळ गेला. कुठे घासला नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि मला तिथेच, त्या परक्या माणसासमोर, रडू फुटलं. मास्तर म्हणाले, "आता काय झालं?" त्यांना ते कधीच कळत नाही.

रविवारी मुलगी दहाच्या ठोक्याला आली, हातात फ्लॅटच्या कागदांची फाइल. मी खुर्चीत बसून पालक पेरत होते. हात लांब केला तर बोटं पलीकडच्या फळीला टेकत होती, नेमकी. मी मुद्दाम दोनदा टेकवली. तिने माझ्या हातांकडे पाहिलं. माझ्या कोपरापर्यंत माती होती.

मग ती वाफ्याच्या टोकाशी गेली आणि वाकली. आखूड फळीवर शिंप्याच्या खडूने वखारवाल्यासाठी लिहिलेलं अजून पुसलं नव्हतं.

"बाबा, हे काय? माया दोन इंच?"

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मला काय विचारताय? सांगा ना, काय दिवे लावलेत ते."

"चुकून राहिली," ते म्हणाले.

तिने खडूवरून बोट फिरवलं. "माझ्या शाळेच्या फ्रॉकला ठेवायचात तेवढीच?"

"तेवढीच."

ती तो एक फ्रॉक चार वर्षं घालायची. दरवर्षी मास्तर उसवून थोडा सोडायचे आणि जुन्या शिवणीची रेघ खाली दिसत राहायची म्हणून ती रुसायची. आता तिने ती फाइल खुर्चीच्या मागे भिंतीला टेकवून ठेवली, बाह्या दुमडल्या आणि मला म्हणाली, "सरक थोडी. बी कुठे आहे?"