हँडब्रेकचे खटके

जुन्या गाडीचा हँडब्रेक लागत नाही म्हणून मिस्त्रीच्या नावानं बोटं मोडत सत्तरी ओलांडलेले बापूजी तिसऱ्यांदा दारव्ह्याच्या गॅरेजात आले. "नवी केबल टाकली ना तू? मंग गाडी सरकते काहून?"

मिस्त्रीनं गाडी समोरच्या चढावर लावायला सांगितली. बापूजींनी ब्रेक ओढला. दोन खटके वाजले आणि गाडी मागं सरकली. मग मिस्त्रीनं ओढला. सहा खटके वाजले; गाडी जागची हलली नाही.

"ब्रेक बराबर हाय, बापूजी," तो खाली बघत म्हणाला.

"चोर हाय लेकाचा!" बापूजींनी तणतणत गाडी काढली. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, ब्रेकच्या दांड्याकडे पाहिलं.

घरापुढच्या चढावर गाडी थांबली. बापूजींनी ब्रेककडे हात नेला. तिथं वच्छलाबाईंचा हात आधीच होता.