देवदानची साक्ष

नौबादचे देवदान बिदरी नक्षीकामाचे जुने कारागीर. चर्चसाठी त्यांनी काळ्या क्रूसावर चांदीच्या तारेचा वेल जडवला होता. आता रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची होती, की प्रभूने त्यांचा हात कसा चालवला.

आदल्या दिवशी ते बायकोला म्हणाले, "मार्था, प्रार्थना करून बसलो की छिन्नी घसरायची. देवाला विसरलो तवा कुठं वेल नीट वळला. आता काय सांगू?"

"सगळे सांगत्यात तसंच सांगा. तुमीच कामून वेगळं काढायलाव?"

"चर्चमधी उभं राहून खोटं बोलू व्हय?"

"मग गप बसा. चहा गार व्हायलाय."

रविवारी वेदीवरचा क्रूस पाहून त्यांचा ऊर भरून आला. हा आनंद भक्तीचा की गर्वाचा, तेही कळेना. ते उठले.

"वेल करताना मला प्रभूची आठवण न्हाई झाली. निस्ता वेलच दिसायचा."

सगळ्यांनी पास्टरांकडे पाहिलं. मग पास्टर सावकाश "आमेन" म्हणाले आणि मागोमाग सारी मंडळीही.

देवदान खाली बसले. "ही माफी म्हणावी का शाबासकी?" त्यांनी मार्थाबाईंना हळूच विचारलं.

"मलाबी न्हाई कळलं," त्या म्हणाल्या.