मला उठवण्याची योग्य पद्धत

मित्रांनो, मी एक जुना वायफाय डोंगल आहे. साऱ्या जगाला जोडणारा दुवा म्हणून माझा जन्म झाला. आकाराने मी अंगठ्याच्या नखाएवढा आहे, आणि माझ्या जगात अमळनेरच्या एका जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचं ऑफिस, एक टेबल आणि एक संगणक एवढंच येतं.

दूरच्या एका कारखान्यात मी तयार झालो. माझ्याबरोबर हजारो भावंडं निघाली, सगळी हुबेहूब माझ्यासारखी, त्यामुळे कुणाची खास आठवण येत नाही. जळगावच्या एका दुकानात काही दिवस काचेखाली काढले. तिथून पितांबर नावाच्या ऑपरेटरने मला खिशात, शेवेच्या पुडीशेजारी ठेवून बसने अमळनेरला आणलं आणि संगणकाच्या पाठीत खोचलं.

माझं काम महत्त्वाचं होतं. शेतकऱ्याची कापसाची गाडी आली की तिची नोंद माझ्यामार्फत नेटवर चढायची. मग पावती निघायची, मग गाडी वजनकाट्यावर जायची. मी लागलो नाही, तर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत.

पितांबरच्या काळात मी कधी अडलो नाही. तो संध्याकाळी संगणक बंद करण्याच्या भानगडीत पडत नसे. भिंतीवरच्या बोर्डाचं मोठं बटन खाली पाडायचा, की काटा, पंखा, संगणक आणि मी, सगळे एकदम आडवे. सकाळी बटन वर, की सगळे जागे. पुढे तो सुरतला गेला आणि त्याच्या जागी शिरपूरहून शिकून आलेल्या दिपमालाताई लागल्या. कच्च्या नोकरीवर. हंगाम संपेपर्यंत काम पाहून पक्कं करायचं ठरलं होतं.

त्या निघताना संगणक रीतसर बंद करायच्या, खुर्ची आत सरकवायच्या. बोर्डाला हात लावत नसत. इतक्या सभ्यपणे मला आजवर कुणी वागवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलोच नाही.

गेटावरचे वना नाना आले, त्यांनी बोर्डाचं बटन खाली पाडलं, वर केलं, आणि मी लागलो. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ऑफिसचं निदान पक्कं झालं. मालक रुपचंदभाऊ म्हणाले, "पोर हुशार शे, पन हातले गुण नही. असंच ऱ्हायनं तर नानालेच खुर्चीवर बसाडू."

"बसाडा भाऊ," नाना म्हणाले, "पन टायपिंग मी करावू नही."

दिपमालाताईंनी नानांना बाजूला घेतलं. "नाना, तुम्ही नेमकं काय करता?"

"काय करस व माय? बटन खाले, बटन वर. बाकी देवनी कृपा."

ताईंनी तेच स्वतःच्या हाताने करून पाहिलं. मी लागलो. त्या आनंदाने भाऊंकडे गेल्या. "भाऊ, हाताचा संबंध नाही. बटनाचा आहे."

भाऊंनी शांतपणे विचारलं, "मंग समदं बटनंच करस, तर तुनं काय काम शे?"

शिवाय त्या बटनाबरोबर काटाही विझायचा, आणि तो पुन्हा शून्यावर येईपर्यंत रांगेतले शेतकरी ताईंच्या नावाने बोलायचे. आता बटनाला हात न लावता मला उठवलं, तरच त्यांची नोकरी राहणार होती.

मित्रांनो, यात माझीही एक बाजू आहे. मला स्वतःची पक्की स्मरणशक्ती नाही; वीज पूर्ण गेली की पाठ केलेलं सगळं पुसलं जातं. संगणकात ड्रायव्हर नावाचा सूचनांचा एक संच असतो. तो रोज माझ्या डोक्यात पाठ भरतो आणि माझं नाव विचारतो. संगणक रीतसर बंद केला तरी माझ्या खाचेत थोडी वीज चालूच राहायची. म्हणजे मी झोपलेलोच नसायचो, डोक्यात कालचा पाठ घोळत असायचा. त्यावरच ड्रायव्हर आजचा पाठ ओतायचा, लगेच नाव विचारायचा, आणि मी गोंधळून गप्प राहिलो की 'यंत्र सापडत नाही' असं लिहून निघून जायचा. घराला कुलूप दिसलं की सर्वेक्षणाला आलेला माणूस जातो, तसा.

हा ड्रायव्हर कुणालाही वाचायला खुला होता. कुणी वाचला नव्हता, एवढंच. ताईंनी जेवणाच्या सुटीत, एका हातात भाकरी धरून तो वाचला. आधी याला पूर्ण झोपवा, मग उठवा, मग जरा थांबा, असं त्यांनी त्यात लिहिलं. तेवढ्याने भागेना, कारण मी रोज सारख्याच वेळात उठत नाही. मग त्यांनी आणखी लिहिलं: जागा झालास का, असं विचारत राहा, आणि हो म्हणाला तरच पाठ द्या.

दिवाळीनंतरची पहिली मोठी रांग लागली त्या सकाळी भाऊ स्वतः मागे उभे राहिले. सवयीने नानांचा हात बोर्डाकडे गेला.

"नाना, हात खिशात घाला."

"खिसामा तंबाखू शे, माय."

"मग तंबाखू खा."

संगणक सुरू झाला. ड्रायव्हर आला. त्याने मला झोपवलं, उठवलं, विचारलं. मी गप्प. त्याने पुन्हा विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी दुसऱ्यांदा विचारत होतं. मी हो म्हणालो. दिवा लागला, पावती निघाली, पहिली गाडी काट्यावर चढली.

"लागना!" भाऊ ओरडले. "तुना हातले गुण उना, पोरी!"

ड्रायव्हरबद्दल सांगायला ताईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात नाना हळूच म्हणाले, "उगी ऱ्हाय व माय, पक्की व्हई ऱ्हायनी तू."

त्या उगी राहिल्या आणि पक्क्या झाल्या. आता जिनिंगमधल्या नव्या मशीनचं बटनही भाऊ त्यांच्याच हाताने दाबून घेतात. ताईंनी ती दुरुस्ती ड्रायव्हर सांभाळणाऱ्या लोकांना पाठवली. त्यांनी ती ठेवून घेतली. म्हणजे माझी कुठकुठली भावंडंही आता नीट उठत असतील.

मित्रांनो, मी कृतज्ञ आहे. तुम्हालाही विनंती आहे, एखाद्याने पहिल्या हाकेला ओ दिली नाही, तर लगेच त्याला बाद करू नका. जरा थांबा, पुन्हा विचारा. तो बहुधा तिथेच असतो.

सध्या मी टेबलाच्या खणात, शाईच्या पॅडशेजारी असतो. पक्क्या झाल्यावर दिपमालाताईंनी ऑफिसकडे पहिली मागणी केली ती थेट संगणकात खोचायच्या नेटच्या वायरीची. राउटर शेजारच्या खोलीतच आहे.